मंडळीतल्या एका घराची भाकर: शास्त्रातला क्रम आणि आजचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. कोपरखैरण्यातल्या एका ख्रिस्ती घरगुती संगतीत, म्हणजे घरात जमणाऱ्या प्रार्थनागटात, १४ कुटुंबं आहेत. त्यांतल्या एका बहिणीचे पती तीन महिन्यांपूर्वी वारले. ते टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होते. घरात ती, आठवीत आणि पाचवीत शिकणारी दोन मुलं आणि ६६ वर्षांची सासू. दीर कळव्याला, माहेर जालन्याकडे. संगतीत दोन मतं पडली आहेत. काही म्हणतात, देव विधवांचा कैवारी आहे, आपण प्रार्थनेत राहू, तो पुरवील. बाकीचे म्हणतात, वर्गणी काढून दरमहा ५,००० रुपये सुरू करू. शास्त्र काय सांगतं आणि प्रत्यक्षात कसं करायचं, हे विचारलं आहे.

देवाने पुरवणं आणि माणसांनी पुरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं दोन्ही बाजूंनी धरलं आहे. वाद तिथूनच सुरू झाला. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ही वाटणी फारशी सापडत नाही. रूथच्या पुस्तकातला एक शब्द पाहा. रूथ ही सासू नामीबरोबर परक्या देशातून आलेली विधवा, आणि बवाज हा तिच्या सासऱ्याच्या नात्यातला शेतमालक. दुसऱ्या अध्यायात बवाज रूथला म्हणतो की, इस्राएलाच्या ज्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला पुरेपूर प्रतिफळ देवो (२:१२). हा आशीर्वाद झाला, प्रार्थना झाली. तिसऱ्या अध्यायात खळ्यावर रूथ त्याच बवाजाला म्हणते, तुझं पांघरूण माझ्यावर घाल, कारण तू आमचा वतन सोडवणारा जवळचा नातलग आहेस (३:९). मराठीत एका ठिकाणी पंख आणि दुसऱ्या ठिकाणी पांघरूण येतं, म्हणून धागा तुटतो. मूळ हिब्रूत दोन्हीकडे ‘कानाफ’ हाच शब्द आहे. पक्ष्याचा पंख तो कानाफ आणि वस्त्राचा काठही कानाफ. आपल्याकडे ‘पदराखाली घेणं’ म्हणतात ते याच्या अगदी जवळ जातं. म्हणजे रूथ बवाजाला त्याचीच प्रार्थना परत करते आहे. देवाचे पंख तू मागितलेस ना, मग तुझा पदर पसर. बवाज त्यावर वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कामाला लागतो.

तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांनी प्रार्थना थांबवू नये, पण तिचं उत्तर बाहेरून कुठून तरी येईल अशी वाटही पाहू नये. कावळ्यांनी एलीया संदेष्ट्याला भाकर आणली हे खरं. पण त्याच अध्यायात (१ राजे १७) ओहोळ आटल्यावर देव त्याला सारफथला पाठवतो आणि सांगतो की, तिथल्या एका विधवेला मी तुझं पोषण करायची आज्ञा केली आहे. रानात आकाशातून मिळणारं अन्न म्हणजे मान्ना, तोसुद्धा घरानिहाय मोजून घ्यायचा होता: माणशी एक ओमर (एक माप), आणि तंबूत जितकी माणसं असतील तितक्यांसाठी गोळा करायचा (निर्गम १६:१६). कनान देशातलं पीक खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला (यहोशवा ५:१२). तिथून पुढे गरिबांच्या भाकरीची सोय देवाने शेताच्या कोपऱ्यांवर, खाली पडलेल्या कणसांवर आणि शेतात विसरलेल्या पेंढीवर लावली (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९). पुरवणारा तोच. आता मात्र तो शेतमालकाच्या आज्ञाधारकपणातून पुरवू लागला.

‘माझा देव तुमची सर्व गरज पुरवील’ हे फिलिप्पैकरांस ४:१९ अशा घरात फार वेळा ऐकवलं जातं. ते वचन प्रेषित पौलाने कोणाला लिहिलं ते आधी वाचा. ज्या मंडळीने (विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने) एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती त्या मंडळीला. देऊन बसलेल्यांना दिलेला तो दिलासा आहे. काही न देता दुसऱ्याच्या दारात उभं राहून तो म्हणायचा नाही. त्या प्रकाराबद्दल याकोबाने (२:१५-१६) पुरेसं स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

आता क्रम. १ तीमथ्य ५ हा या विषयावरचा सगळ्यात कामाचा अध्याय आहे, कारण पौल तिथे भावनेच्या भरात न लिहिता यादी कशी करायची ते सांगतो. विधवेला मुलं किंवा नातवंडं असतील तर पहिली जबाबदारी त्यांची (५:४). जो स्वतःच्या माणसांची, विशेषतः घरच्यांची, तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे (५:८). घरच्यांनी आपल्या विधवांना सांभाळावं म्हणजे मंडळीवर भार पडणार नाही आणि जी खरोखर एकटी आहे तिला मंडळी सांभाळू शकेल (५:१६). मंडळीच्या यादीत नाव घालायचं वय ६० च्या पुढे (५:९). थोडक्यात, आधी घर, मग नातं, मग मंडळी. पण खालच्या पायरीची चौकशी चालू आहे म्हणून वरच्या पायरीने मुलांना उपाशी ठेवायचं नाही. चौकशीला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळाचा किराणा आणि भाडं संगतीने आजच उचलावं.

तुमच्या प्रश्नात सासूचा उल्लेख ओझरता आहे, मला मात्र कळीचा मुद्दा तोच वाटतो. या घरात एक नाही, दोन विधवा आहेत, आणि त्यांचे हक्क वेगवेगळ्या माणसांवर आहेत. सासू कळव्याच्या दिराची सख्खी आई आहे. ५:४ चा आणि ५:८ चा शब्द त्याला थेट लागू होतो. भावजयीवर उपकार म्हणून नव्हे, स्वतःच्या आईची तरतूद म्हणून. त्याच्याकडे संगतीतल्या दोघांनी जावं, त्यातला एक त्याच्या ओळखीचा असावा. भावजयीला बरोबर नेऊ नये, नाहीतर जुनी घरगुती भांडणं वर येतात आणि मूळ विषय बाजूला पडतो. ‘तुम्ही लक्ष द्या’ असं मोघम बोलू नये. आईची औषधं, तिच्या वाटचा किराणा आणि भाड्यातला तिचा हिस्सा मिळून एक आकडा सांगावा, समजा ३,००० रुपये, आणि तो दर महिन्याच्या कोणत्या तारखेला पोचेल ते ठरवून उठावं. तो कमी सांगेल. कमी ठरला तरी चालेल, पण नियमित हवा.

तो दुसऱ्या मंडळीत दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) देतो आणि त्यामुळे हात आखडता आहे असं निघालं तर मार्क ७:९-१३ त्याच्यासमोर शांतपणे उघडावं. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलं असं म्हणणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच सुनावलं आहे. स्वतः वधस्तंभावर असताना त्याने आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या स्वाधीन केलं आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं (योहान १९:२६-२७). दिराने सरळ नकारच दिला तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. ६० वर्षांवरच्या आईला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे मुलाकडून निर्वाह मागता येतो, वकील लागत नाही. पण तो अर्ज आईने स्वतःच्या मनाने करायचा. संगतीने तिला त्यासाठी ढकलू नये.

इथेच एक सावधगिरी. रूथचं पुस्तक वापरून ‘सुनेने सासूला सोडू नये’ असं या बहिणीला कोणी ऐकवत असेल तर त्याला थांबवा. नामीने स्वतः दोन्ही सुनांना मोकळं केलं, त्यांना आपापल्या आईच्या घरी जायला सांगितलं, आशीर्वाद दिला (१:८-९). अर्पा रडली, सासूचं चुंबन घेऊन परत गेली, आणि पुस्तकात तिला कुठेही दोष दिलेला नाही. रूथचं राहणं मोलाचं आहे ते तिने स्वतः निवडलं म्हणून. पुनर्विवाहाचा विषयसुद्धा कोणी रूथ आणि बवाज यांच्या लग्नाचा दाखला देऊन तिच्यासमोर काढू नये. ती बोलली तर ऐकावं.

आता आकडा. ५,००० ही रक्कम कुठून आली ते स्वतःला विचारा. बहुतेक वेळा ती देणाऱ्यांच्या सोयीतून आलेली असते. अनुवाद १५:८ मध्ये माप वेगळं आहे: त्याची जी गरज असेल ती भागेल इतकं. म्हणून तिच्यासोबत बसून महिन्याचा ताळेबंद मांडा. संगतीतल्या दोन बायका आणि ती, एवढंच. समजा असा निघतो: भाडं ९,०००, वीज आणि पाणी १,२००, गॅस ९००, रेशनबाहेरचा किराणा ५,५००, दूध-भाजी ४,०००, शाळा, क्लास आणि प्रवास २,५००, सासूची औषधं १,२००, फोन ४००. बेरीज २४,७००. तिला ११,००० चं काम मिळालं आणि दिराचे ३,००० आले तर खाली उरतात १०,७००. ही खरी दरी. ५,००० देऊन समाधान मानलं असतं तर उरलेल्या ५,७०० साठी ती उधारीच्या वहीवर गेली असती, तिथून व्याजावर, आणि सहा महिन्यांनी संगतीला वाटलं असतं की एवढं देऊनही भागत कसं नाही.

१०,७०० ला १३ घरांनी भागलं तर घरटी ८२३ रुपये येतात, पण असं समान भागू नका. २ करिंथ ८:१२ सांगतं की, ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून देणं मोजलं जातं, जे नाही त्यावरून नाही. एखादं घर २,००० देईल, एखादं २०० देईल आणि एखादं फक्त शनिवारी मुलांचा अभ्यास घेईल. पुढच्याच ओळींत पौल समतेची गोष्ट काढतो आणि नेमकं मान्नाचं वचन घालतो: ज्याने फार गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. रानात आकाशातून पडणाऱ्या अन्नाचा नियम त्याने मंडळीच्या वर्गणीला लावला. देवाची तरतूद आणि मंडळीची तरतूद एकच आहेत हे यापेक्षा उघड कोणी कसं सांगणार?

धान्याचं बोलायचं तर रेशनकार्ड आधी तपासा. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो धान्य दरमहा मोफत मिळतं, म्हणजे या घराला २० किलो. चार माणसांना गहू-तांदूळ मिळून महिन्याला ३८-४० किलो लागतं, म्हणजे अर्धं रेशनवर भागतं. त्यासाठी मृताचं नाव कमी करून बाकीच्यांची ई-केवायसी पूर्ण हवी, नाहीतर धान्य अडकतं. संगतीने उरलेलं १८-२० किलो धान्य, ४ किलो डाळी, ३ लिटर तेल, ४ किलो साखर, अर्धा किलो चहा एवढं धरावं. वाशीच्या मार्केटमधून सहा महिन्यांचं एकदम भरू नका. पावसाळ्यात छोट्या खोलीत धान्याला किडे होतात, साठवून ठेवलेल्या मान्नासारखेच. महिन्याचं महिन्याला, तिच्याच नेहमीच्या दुकानात खातं लावून, तिला हवं ते तिने घ्यावं.

बवाजाची मदत करण्याची पद्धत इथे नीट पाहण्यासारखी आहे. पहिल्या दिवशी त्याने रूथला पोतं भरून दिलं नाही. त्याने गड्यांना ताकीद दिली की तिला कोणी त्रास द्यायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरलेलं पाणी पी म्हणाला. जेवताना आपल्या माणसांत बसवलं, हुरडा दिला, ती पोटभर जेवली आणि उरलं. मग गड्यांना गुपचूप सांगितलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम खाली टाका आणि तिला बोलू नका (२:१६). संध्याकाळी झोडपल्यावर तिचं जव एफाभर भरलं. एफा म्हणजे दहा ओमर, ढोबळ मापाने २२ लिटर, तेरा-चौदा किलो. मान्नाच्या मापाने दोन बायकांचं पाच दिवसांचं अन्न एका दिवसात. सर्वा वेचून एवढं कधी मिळत नाही, हे नामीला लगेच कळलं, म्हणून तिने विचारलं की आज कुठे वेचलंस? रूथला मात्र ते स्वतःच्या कष्टाचं म्हणून घरी नेता आलं. आणि दुपारी उरलेला हुरडाही तिने सासूसाठी राखून आणला होता.

आजच्या भाषेत: काम शोधून देताना पगाराबरोबर ते ठिकाण बाईमाणसाला सुरक्षित आहे का हे पाहा. पॅकिंगच्या युनिटमध्ये दुसरी पाळी असेल तर रात्री ठाणे-बेलापूर रस्त्यावरून ती घरी कशी येणार, तोवर मुलांकडे कोण, हे ठरल्याशिवाय हो म्हणू नये. सासू घरात आहे ही इथे मोठी जमेची बाजू आहे. संगतीतल्या कोणाचं दुकान, मेस किंवा पाळणाघर असेल तर तिथलं काम थोड्या कमी पगाराचं असलं तरी पहिल्या वर्षी बरं. मात्र तिचा पगार आणि संगतीची मदत एकाच हाताने देऊ नये. नाहीतर तिला कामाबद्दल तक्रार करता येत नाही आणि मालकाला कामाबद्दल बोलता येत नाही.

बवाजाने सगळ्यात मोठी मदत केली ती वेशीवर. चौथ्या अध्यायात तो सकाळी वेशीत जाऊन बसतो, जवळचा नातलग येताच त्याला थांबवतो, गावचे दहा वडील बसवतो आणि नामीचा वारलेला नवरा अलीमलेख याच्या जमिनीचा हक्क साक्षीदारांसमोर मिटवतो. नामीने त्याच पहाटे रूथला सांगितलं होतं की हा माणूस आज हे प्रकरण तडीस नेल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही (३:१८). परक्या देशातून आलेल्या एका विधवेचे कागद एका प्रतिष्ठित माणसाने आपला दिवस मोडून उरकले, ही त्या पुस्तकातली तरतूद आहे. तुमच्या संगतीत असा वेशीवर बसणारा एक माणूस नेमा. कचेऱ्यांची भाषा कळणारा, चिकाटीचा, शक्यतो निवृत्त. त्याने ही कामं करायची.

पती ठेकेदाराकडे असले तरी पीएफ कापला जात होता का ते पगाराच्या स्लिपवर किंवा त्यांच्या मोबाइलवरच्या संदेशांत पाहा. यूएएन, म्हणजे पीएफचा खातेक्रमांक, तिथेच मिळेल. पीएफची रक्कम (फॉर्म २०), पेन्शन (१०-डी) आणि ईडीएलआय विमा (५-आयएफ) हे तिन्ही दावे मृत्यूनंतरच्या एकत्रित अर्जात करता येतात. ईडीएलआयची कमाल रक्कम ७ लाख आहे आणि ती नोकरीत असताना मृत्यू झाला तर मिळते. विधवा पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते हा गैरसमज आहे. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन लागते, दरमहा किमान १,००० रुपये, आणि एका वेळी दोन मुलांना तिच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. ठेकेदाराने हात वर केले तर मूळ कारखान्याच्या एचआरकडे जा. ठेक्यावरच्या कामगारांच्या पीएफची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर असते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अटही मृत्यूच्या बाबतीत लागत नाही. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल आणि मृत्यू कामावरच्या अपघाताने झाला असेल तर अवलंबितांचा लाभ वेगळा.

मग बँकेचं पासबुक. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसतात का पाहा. दिसले तर ती जीवनज्योती विम्याची वर्गणी आहे, २ लाखांचा दावा त्याच शाखेत करायचा. २० रुपये कापलेले असतील तर तो सुरक्षा विमा, फक्त अपघातासाठी. हे दावे कोणी सांगत नाही म्हणून राहून जातात. शिवाय तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार योजना आणि मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना, दोन्हींसाठी पात्रता तपासून अर्ज करा. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती आजच काढून ठेवा.

कर्जाचा विषय बहुधा महिन्याभराने बाहेर येतो, कारण तो सांगायची लाज वाटते. २ राजे ४ मधली विधवा मात्र सुरुवातच तिथून करते: सावकार माझ्या दोन मुलांना गुलाम करायला आला आहे. अलीशा संदेष्टा तिला विचारतो, तुझ्या घरात काय आहे? तेलाची एक कुपी. मग सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडी मागू नकोस. आत जा, दार लाव, ओत. तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि मुलं जगा. या क्रमाला मी फार मानतो. घरात काय आहे ते आधी मोजायचं, शेजाऱ्यांना सामील करून घ्यायचं, जे घडतं ते दार लावून घडू द्यायचं, आणि कर्ज पहिल्यांदा. भांडी संपली तेव्हा तेल थांबलं, म्हणजे शेजाऱ्यांनी दिली तेवढ्याच भांड्यांत ते मावलं.

आज कर्ज फेडण्याआधी कागद मागा. पतीचं कर्ज वारसांवर येतं ते त्यांच्या मालमत्तेतून जेवढं वारसांना मिळालं तेवढ्यापुरतंच, तिने सही करून सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून जबाबदारी घेतली नसेल तर. बचत गटाच्या किंवा फायनान्स कंपनीच्या कर्जावर बऱ्याचदा कर्जदाराचा विमा उतरवलेला असतो. हप्ता भरायच्या आधी तो विचारा. तोंडी उधारीचा जो माणूस दारात येईल त्याला वेशीवर बसणाऱ्या भावाचा नंबर द्या. तिच्याशी त्याने बोलायचं नाही. संगतीने स्वतः कर्ज देऊ नये. द्यायचंच असेल तर लेवीय २५:३६-३७ प्रमाणे बिनव्याजी, आणि परत येणार नाही असं धरून.

पैशाच्या व्यवहारात प्रेषितांच्या काळातच गडबड झाली होती. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात माणसं निवडली गेली आणि त्या सातांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, वाटप त्यांच्याच भाषेतल्या माणसांच्या हाती गेलं असं यावरून दिसतं. तुमच्या निधीच्या तिघांत निदान एक बाई असावी, आणि संगतीत नगरकडची, जालन्याकडची, कोकणातली असे गट असतील तर तिघंही एकाच गटातले नसावेत. पाळकसाहेबांना हिशेब दिसावा, पण पैसा त्यांच्या हातून जाऊ नये. हा अविश्वास नाही. पौलाने वर्गणी गोळा करायला आपला सहकारी तीत याच्याबरोबर दोन भाऊ पाठवले ते याच कारणासाठी, कोणी दोष लावू नये म्हणून, प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करायचं म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). कोणाच्या खासगी यूपीआयवर वर्गणी जमा करू नका. मंडळीचा नोंदलेला विश्वस्त निधी असेल तर त्याच्या खात्यातून, पावती देऊन, वार्षिक लेखापरीक्षणात दाखवून. वहीत कुटुंबाचं नाव न लिहिता क्रमांक लिहावा, नाव फक्त तिघांना माहीत. १ करिंथ १६:२ ची रीत उत्तम आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीप्रमाणे, थोडं थोडं बाजूला. महिनाअखेरीला एकदम मागितलं की निम्म्या घरांकडे नसतं.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा आकड्यांत नाही, वागण्यात. अनुवाद २४:१०-११ मध्ये एक बारीक नियम आहे: गरिबाकडून गहाण घेताना त्याच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं, तो आणून देईल. त्याच्या उंबरठ्याचा मान देवाने राखला. किराणा देताना फोटो नको. उपासनेत नाव नको. प्रार्थनेची विनंती म्हणून तिच्या दिराचं, कर्जाचं, सासूशी झालेल्या बोलण्याचं वर्णन संगतीत मांडायचं नाही. तिने नवा मोबाइल घेतला किंवा मुलीच्या वाढदिवसाला केक आणला तर त्याची चर्चा नको. मदत घेणाऱ्या घराचा प्रत्येक रुपया सगळ्यांनी पाहायचा असं शास्त्रात कुठेही नाही. २ थेस्सलनीका ३:१० कोणी तोंडावर फेकलं तर ते वचन पूर्ण वाचायला सांगा. ते ज्याला काम करायची इच्छा नाही त्याच्याबद्दल आहे, ज्याला काम मिळत नाही त्याच्याबद्दल नाही.

दुसरा बिघाड वेळेचा. पहिले तीन महिने डबे, भेटी, पाकिटं यांचा पूर येतो आणि सहाव्या महिन्यात कोणी फिरकत नाही, जेव्हा पीएफचा दावा अडकलेला असतो आणि मुलांची नवी इयत्ता सुरू होते. म्हणून आधीच वर्षभराचा शब्द द्या आणि दर तीन महिन्यांनी तिच्यासोबत ताळेबंद पुन्हा मांडा. पेन्शन सुरू झाली की तितकी रक्कम कमी. खोली सोडून गावी जायचं का, हा निर्णय पहिल्या शैक्षणिक वर्षात कोणी तिच्यावर लादू नये. डिपॉझिट परत मिळतं म्हणून घाईने खोली सोडलेली घरं पुन्हा ठाण्यात किंवा नवी मुंबईत उभी राहणं फार कठीण जातं.

आणि सासू-सून दोघींना फक्त घेणाऱ्या करून ठेवू नका. १ तीमथ्य ५:१० मधल्या यादीतल्या विधवा मुलं वाढवलेल्या, पाहुण्यांची सेवा केलेल्या, संकटातल्यांना मदत केलेल्या होत्या. सारफथच्या विधवेने मूठभर पिठातून आधी एलीयाला भाकर दिली. घरगुती संगत पाळीपाळीने १४ घरांत बसत असेल तर तिच्या घराची पाळी वगळू नका. चहा तिनेच करावा, दूध-साखर कोणी बरोबर नेऊ नये. सासूकडे आजाऱ्यांच्या भेटीचं काम द्या.

कळव्याची भेट याच आठवड्यात उरका, पीएफचा अर्ज त्यानंतर भरा. पीएफचं नामांकन लग्नाआधीचं असेल तर त्यात आईचं किंवा भावाचं नाव निघण्याची शक्यता असते, आणि तेव्हा दिराशी बोलणं आधी झालेलं असलं म्हणजे सह्यांना अडचण येत नाही.